फौजेत जाईपर्यंत सगळं गाव मागे असतं, आत गेल्यावर पोराला वाट कोण दाखवतं?

बुराईकाठ
राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं, काल भाच्याचा फोन आला आणि रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं म्हणून आज बसलोच लिहायला, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी शिंदखेडा तालुक्यातला. २००४ ला भरती, २०२४ ला हवालदार रँकवर पेन्शन आलो. भरतीच्या वेळी गावानं काय नाही केलं माझ्यासाठी. पहाटे चारला मारुतीच्या पारावर पोरं जमायची, एक जण मोटरसायकलच्या उजेडात घड्याळ लावायचा, कुणाच्या घरून दूध, कुणाच्या घरून अंडी, आणि ज्या दिवशी ट्रंक घेऊन निघालो त्या दिवशी दोंडाईचा स्टेशनवर चाळीसेक माणसं होती सोडायला. मग गाडी सुटली. त्याच्यानंतर वीस वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही की बाबा तू आत नेमकं काय करतोस आणि पुढे काय व्हायचंय. सुट्टी किती आहे आणि कँटीनचा कोटा आणला का, एवढंच. दोष त्यांचा नाही, त्यांना माहितीच नव्हतं. मलाही नव्हतं.

एसीसी म्हणून एक एंट्री असते, जवानातून ऑफिसर व्हायची. बारावी पास, वय २० ते २७, सर्व्हिस किमान दोन वर्षं. लेखी परीक्षा, मग एसएसबी म्हणजे ऑफिसर निवडायची पाच दिवसांची मुलाखत, मग देहरादूनला तीन वर्षं कॉलेज आणि चौथं वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. मी बारावी सायन्स, इंग्रजी बरं होतं. दरवर्षी त्याचं पत्र युनिटला यायचं, ऑफिसात फाईलला लागायचं आणि तिथेच राहायचं. मला ते कळलं २०१२ ला, एक नवीन लेफ्टनंट साहेब पोस्टिंग आले होते, साताऱ्याकडचे, रात्री ड्युटीवर मराठीत बोलता बोलता म्हणाले की मी पण सिग्नलमध्ये शिपाईच होतो, तू का नाही बसलास एसीसीला? वय विचारलं. २७ पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

पुढे एससीओला बसलो, ती पण जवानातून ऑफिसर व्हायचीच दुसरी एंट्री, तिथे वय २८ ते ३५ चालतं. लेखी निघाली, एसएसबीला भोपाळला पाचव्या दिवसापर्यंत टिकलो आणि कॉन्फरन्सनंतर नाव आलं नाही. परत भरायचं होतं पण तोवर मुलगी लहान, घरी वडलांचं दुखणं, राहून गेलं. मला नाकारलं याचं दुःख नाही, चार महिन्यांचं आहे.

आता भाचा. २०२३ ला अग्निवीर लागला, तिसरं वर्ष चालू आहे. काल फोनवर खुश होता, म्हणे मामा मी आता साहेबांच्या बंगल्यावर असतो, बाग, पोरांना शाळेत सोडणं, साहेब नावानं ओळखतात, माझं पर्मनंट होऊन जाईल. मी विचारलं कोर्स कोणता केला, फायरिंग कसं आहे. म्हणे कोर्सला नाव आलं होतं पण साहेबांकडून सुटका नाही झाली. चार वर्षांनी २५ टक्के पोरं ठेवणार आणि हा झाडांना पाणी घालतोय. त्याला काय सांगू? आणि आपण जे बाहेर बसलेले आहोत पेन्शनवाले, आपण या पोरांना आत गेल्यावर काही हात देऊ शकतो का, की ते आपलं कामच नाही? मनापासून विचारतोय.

केळीबाग
भाऊ, मना पोऱ्या पन तठेच शे. वाचून पोटात गोळा आला. आम्ही रावेरकडचे शेतकरी माणसं, आम्हाला एवढंच माहिती की पहिल्या वर्षी पगार ३० हजार आणि हातात २१ येतात, ९ हजार सेवानिधीला कटतात आणि तेवढेच सरकार टाकतं. चार वर्षांनी ११ लाख ७१ हजारच्या आसपास मिळतील. घरात सध्या त्याच पैशाचं बोलणं चालू असतं, ट्रॅक्टर घ्यायचा की ठिबक बदलायचं. त्याला आत ठेवतील की नाही हे बोलणं कोणीच काढत नाही, घाबरतो आम्ही.

धुळेकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी पण फौजेतच होतो, १७ वर्षं. मला कुणी मेंटर नव्हता, बाप हमाल होता. ज्याच्यात दम असतो तो वर येतो. हे हात धरणं, वाट दाखवणं ऐकायला छान आहे पण फौज स्वतःच शिकवते की, ट्रेनिंग सेंटरला शिकवणारा उस्ताद असतो, युनिटला सेक्शन कमांडर असतो, बडी असतो. पोरगं बंगल्यावर राहायला खुश आहे याचा अर्थ त्याला ग्राउंड नको आहे. त्यात मामानं काय करायचं?

सातपुड्याखाली
बुराईकाठ भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी चोपडा तालुक्यातला, तोफखान्यातून सुभेदार म्हणून आलो, आता घरीच असतो.

धुळेकर भाऊंचं अर्धं खरं आहे. उस्ताद असतोच. पण उस्तादाच्या समोर एका वेळी पन्नास रंगरूट असतात आणि त्यातल्या कोणत्या एकाकडे थांबून बघायचं हे त्याच्या मनावर असतं. माझ्याकडे एक जण थांबला म्हणून मी सुभेदार झालो, नाहीतर मी ड्रायव्हर होऊन नाईकवरच आलो असतो, ड्रायव्हर वाईट नाही पण मला गणित येत होतं.

नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला आमचा उस्ताद तमिळ माणूस होता, हिंदी मोडकी, मराठी शून्य. माझ्या कॉपीत त्यानं मी उगाच केलेली त्रिकोणमिती बघितली. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी ट्रेडच्या यादीत माझं नाव टीएला, म्हणजे टेक्निकल असिस्टंट, तोफेचे आकडे काढणारा. मला कळेना काय झालं. मग रोज रात्री रोलकॉलनंतर अर्धा तास तो मला लॉग टेबल शिकवायचा, त्याचा स्वतःचा वेळ, त्याच्या घरी पत्र लिहायचा वेळ. चुकलो की मारायचा नाही, तेच गणित परत द्यायचा, सात सात वेळा. मी युनिटला गेल्यावर दर दिवाळीला त्याचं पोस्टकार्ड यायचं आणि त्यावर शुभेच्छा नसायच्या, प्रश्न असायचा. मॅप रीडिंगची परीक्षा दिली का. पुढच्या वर्षी, कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, झालं का. हवालदार झाल्याचं कळवलं तेव्हा उत्तर आलं की जेसीओसाठी, म्हणजे नायब सुभेदार व्हायला, अभ्यासाची परीक्षा बाकी आहे, ती कधी. असे अकरा पोस्टकार्ड माझ्याकडे आहेत.

आता तुमच्या भाच्याचं. साहेबानं नावानं ओळखणं आणि कागदावर नाव असणं यात फरक आहे. ते साहेब दोन-अडीच वर्षांनी पोस्टिंग जातील, नवीन साहेबासमोर फाईल असेल. फाईलमध्ये पीपीटी, बीपीईटी या दमाच्या परीक्षा, फायरिंग, कोर्सची ग्रेडिंग असते. झाडं किती छान वाढवली याचा कागद होत नाही. आमच्या वेळी बीपीईटीला पूर्ण सामानानिशी ५ किलोमीटर २५ मिनिटांत आला तर एक्सलंट, तिशीच्या आतल्याला. पोरगं दीड वर्ष बंगल्यावर असेल तर तो दम गेलेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यानं साहेबाशी वाद घालायचा नाही. प्लाटून हवालदाराला सांगायचं, तो सीनियर जेसीओ साहेबांकडे नेईल, तिथे एकच वाक्य, साहब मुझे कोर्स पे जाना है. रडगाणं नाही, बंगल्याची तक्रार नाही. जेसीओ हा माणूसच त्यासाठी असतो, जवान आणि ऑफिसरच्या मधे. शंभरातले ऐंशी जेसीओ असं वाक्य ऐकून खुश होतात, कारण बहुतेक पोरं त्यांच्याकडे फक्त सुट्टी मागायला येतात.

रनिंग_५_२८
सर मी चाळीसगाव. माझी १६०० मीटर ५:२८ येते म्हणजे पहिल्या ग्रुपला ६० मार्क, पुलअप १० होतात त्याचे ४०. लेखी पण निघाली आहे. अकॅडमीत सगळं शिकवलं पण टीए, कॅडर, मॅप रीडिंग हे शब्द मी आज पहिल्यांदा ऐकले. सर मला आताच काय करायला पाहिजे?

सातपुड्याखाली
रनिंग, आधी मेडिकल निघू दे. दात दाखवून घे, कानातला मळ काढून घे, यात पोरं उगाच अडकतात. मग सांगतो. आणि हिंदी बोलायला लाग रोज, आपल्या पोरांची पहिली मार तिथे बसते.

सातपायरी_गुरुजी
सुभेदार साहेबांनी हिंदीचं काढलं म्हणून लिहितो. मी अक्राणी भागात शाळेत आहे. माझ्या शाळेची पोरं घरात भिली-पावरी बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते आणि हिंदी भरतीच्या ग्राउंडवर. पळण्यात ती कुणाला ऐकत नाहीत, डोंगर चढून शाळेत येतात. पण आत गेल्यावर उस्तादानं विचारलं आणि पोरगं गप्प राहिलं की त्याच्यावर मंद म्हणून शिक्का बसतो, आणि एकदा बसला की प्रत्येक चांगल्या कोर्सच्या वेळी दुसऱ्याचं नाव जातं. माझा एक विद्यार्थी असाच कोपऱ्यात पडला होता. त्याला तिथे डांग भागातला एक नाईक भेटला, भाषा थोडी जुळली, त्यानं फक्त एवढं केलं की संध्याकाळी त्याच्याशी हिंदीत बोलायचं ठरवलं, चूक झाली तरी हसायचं नाही. आज तो पोरगा लाइट मशीन गनवर नंबर एक आहे.

आपल्या खान्देशात ही गोष्ट जुनी आहे. १८२५ ला धरणगावला आऊट्रमनं भिल्ल कोअर उभं केलं. इंग्रजांचा हेतू सरळ नव्हताच, भिल्लांना भिल्लांकडूनच आवरायचं होतं, ते मी मुलांना लपवून सांगत नाही. पण हेही सांगतो की त्याच्या आधी ज्यांना चोर-दरोडेखोर म्हणून लिहून ठेवलं होतं तेच लोक काही वर्षांत कवायती शिपाई झाले, कारण कुणीतरी त्यांच्यात येऊन राहिलं, त्यांच्याबरोबर शिकारीला गेलं. माणूस तोच होता.

धुळेकर
गुरुजी, हे मात्र पटलं. मला हिंदी येत होती कारण धुळ्यात हमालवाडीत सगळ्या भाषा होत्या, तो फायदा मी कधी मोजलाच नाही.

गिरणामाय
सगळे दादालोक बोलताय म्हणून मी पण लिहिते. माझी लहान बहीण मिलिटरी पोलीसमध्ये आहे. मुलींची शिपाई म्हणून पहिली बॅच, ८३ जणी, २०२१ ला बंगलोरहून पास आऊट झाली. माझी बहीण त्याच्या नंतरची. तुम्ही म्हणता हवालदाराला सांगा, जेसीओला सांगा. तिच्या वरती बाई हवालदार नाही, बाई सुभेदार तर नाहीच, असणार कुठून, सुरुवातच आत्ता झालीय. ऑफिसर मॅडम आहेत पण त्यांच्यापर्यंत पोचायला मधे चार पायऱ्या आणि त्या चारही पुरुष. चांगले आहेत, त्रास कुणाचा नाही, पण काही गोष्टी ती त्यांना विचारू शकत नाही. लग्न कधी करावं, बाळंतपणानंतर फिजिकल परत कसं जमतं, कोर्स आधी की लग्न आधी. मला विचारते आणि मी तर जामनेरला ब्युटी पार्लर चालवते, मी काय सांगू.

२०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून पहिल्या १७ मुली पास झाल्या तेव्हा ती फोनवर रडली. आनंदानं. म्हणाली आता पुढच्या मुलींना विचारायला कोणीतरी असेल. मी तिला बोलले की तुझ्या मागून येणाऱ्यांसाठी ती कोणीतरी तूच आहेस ना, तर म्हणे ताई मला आधी कोणीतरी हवंय.

वरणबट्टी
ताई, तुमच्या बहिणीचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या कोर्सच्या एका मॅडम आहेत, रिटायर झाल्या, दोन मुलं झाल्यावर परत ग्राउंडवर उतरलेल्या. त्यांना विचारतो बोलतील का, तुम्ही मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

बुराईकाठ दादा, मी अमळनेरचा, एसीसीतून मेजर होऊन बाहेर पडलो म्हणून लिहायचा थोडा अधिकार आहे. एसीसी १९६० ला पुण्यात सुरू झालं आणि १९७७ ला देहरादूनला गेलं, म्हणजे साठ वर्षांच्या वर ही वाट उघडी आहे आणि तरी आपल्या भागातल्या किती घरांत हा शब्द माहिती असेल.

माझं कसं झालं सांगतो. मी लान्स नाईक होतो. आमच्या कंपनी कमांडरनं मला दर शनिवारी दोन तास दिले, अभ्यासासाठी नाही, त्यांना इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचून तोंडी सांगायचा. पहिल्या शनिवारी मी तीन वाक्यं बोललो आणि घामाघूम झालो. त्यांनी व्याकरण कधी सुधारलं नाही. फक्त विचारायचे, तुला स्वतःला काय वाटतं. घरी, शाळेत, फौजेत, हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. एसएसबीत पाच दिवस फिरवून फिरवून हाच प्रश्न विचारतात, चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात, पंधरा सेकंदात एका शब्दावर वाक्य लिहायला सांगतात, ग्रुपमध्ये बसवून वाद करायला लावतात. आपल्या पोरांना उत्तर पाठ करायची सवय असते, तिथे पाठ केलेलं लगेच उघडं पडतं. तुम्ही कॉन्फरन्सपर्यंत गेलात पण थोडक्यात राहिलात त्याचं कारण कदाचित हेच असेल की बाविसाव्या वर्षी तुमच्याशी असं कुणी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून. त्या साहेबांनी मला कधी घरी बोलावून काम सांगितलं नाही. एकदा मी स्वतःहून त्यांच्या सामानाच्या पेट्या बांधायला गेलो, तर परत पाठवलं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज कळतं की त्यांनी काम करून घेतलं असतं तर मी पुढच्या शनिवारी त्यांच्यासमोर माझं मत बोलूच शकलो नसतो.

आणि कमिशन झाल्यावर सगळ्यात अवघड क्षण ट्रेनिंगचा नव्हता. सुट्टीवर येताना भुसावळ स्टेशनला माझा जुना सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, भेटला, ज्यानं मला दोन वर्षं रगडलं होतं. त्यानं गर्दीत पिशव्या खाली ठेवल्या आणि सॅल्यूट मारला. मी सॅल्यूट घेतला आणि मग त्याच्या पाया पडलो, वर्दीत नव्हतो म्हणून पडू शकलो.

केळीबाग
साहेब डोळ्यात पाणी आलं.
एक विचारू का, माझ्या पोराला नाहीच ठेवलं तर? त्याचं दहावीच झालेलं आहे.

बुराईकाठ
आबा, त्याचं मी थोडं बघितलंय. दहावीवाल्या अग्निवीरांना ओपन स्कूलमधून बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय केली आहे. इग्नूची पण डिग्री आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचेच धरतात, निम्म्याचा अभ्यास करायचा. सीएपीएफमध्ये, म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ असल्या दलांत, राखीव जागा आणि वयाची सूट आहे. पण हे सगळं आतमध्ये असतानाच सुरू करायला लागतं, बाहेर आल्यावर ट्रॅक्टरच्या हप्त्यात कोण पुस्तक उघडतो. आजच फोन करून विचारा त्याला की नाव नोंदवलंय का. आणि ठेवलं तर पुढे किमान १५ वर्षं आहेत, तेव्हा पण ते शिक्षण प्रमोशनला लागेलच.

धुळेकर भाऊ, तुमच्यावर राग नाही. तुम्ही बिनआधाराचे वर आलात हे मोठंच आहे. पण तुमच्याबरोबर जे आले नाहीत त्यांची नावं तुम्हाला आठवतात का? मला आठवतात. माझ्या बॅरेकमध्ये एक विदर्भातला होता, माझ्यापेक्षा हुशार. त्याच्या गावचा एक सीनियर होता, गराईं गराईं, म्हणजे गाववाला गाववाला, करत त्याला सोबत बसवायचा, आधी चहा, मग रम. तो पण मेंटरच होता म्हणा की. माणूस भेटणं नशिबात असतं ठीक आहे, पण चुकीचा भेटायच्या आत बरा भेटावा यासाठी काहीतरी करता येत असेल तर का नाही करायचं.

धुळेकर
आठवतात भाऊ. तीन नावं लगेच आठवली.

नियंत्रक
चर्चा चांगली चालू आहे. फक्त सगळ्यांना विनंती, कुणीही युनिटचं नाव, लोकेशन, सध्या नोकरीत असलेल्या पोरांचे फोटो इथे टाकू नका. एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे.

बुराईकाठ
काल रात्री भाच्याशी एक तास बोललो. आधी चिडला, म्हणे मामा तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही का. मग मी त्याला माझी २७ वर्षं चार महिन्यांची गोष्ट सांगितली, आजपर्यंत घरात कुणालाच सांगितली नव्हती, ताईला पण नाही. बराच वेळ गप्प होता. सकाळी मेसेज आला की प्लाटून हवालदाराला बोललो, ते जेसीओ साहेबांकडे नेतो म्हणाले. पुढे काय होतं बघू.

आणि सुभेदार साहेब, तो कानबाईच्या सणाला आठ दिवस येतोय. अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसच सुट्टी असते, त्यातले आठ. सणाचे रोट झाल्यावर दोन दिवस तुमच्याकडे पाठवू का? मॅप रीडिंगमध्ये कच्चा आहे, स्वतःच म्हणाला.

सातपुड्याखाली
पाठवा ना, विचारता काय. घर मोठं आहे, पोरं पुण्याला असतात. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट आहे माझ्याकडे आपल्याच भागाची, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. त्याला शेतात उभा करतो, गावाची पाण्याची टाकी, महादेवाच्या देवळाचा कळस आणि सातपुड्याची एक टेकडी, तिन्हीची बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घ्यायची, बॅक बेअरिंग, म्हणजे तिची उलटी दिशा, काढायची, शीटवर तीन रेषा मारायच्या आणि त्या जिथे मिळतात तिथे आपण उभे आहोत. वर्गात हे पोरांना महिनाभर कळत नाही, बांधावर एका सकाळी कळतं. दुसऱ्या दिवशी अनेरच्या बाजूला घेऊन जातो, तिथे कॉन्टूर, म्हणजे नकाशावरच्या उंचीच्या रेषा, दाखवतो, २० मीटरला एक रेषा म्हणजे चढताना पायाला काय लागतं ते.

चाळीसगावचा रनिंग वाचत असेल तर त्यानंही यायला हरकत नाही, चोपड्याला एसटी आहे.

रनिंग_५_२८
येतो सर. काय काय आणू?

सातपुड्याखाली
पेन्सिल एचबी, खोडरबर, शंभर पानी वही. कंपास माझ्याकडे आहे. बूट घालून ये, चपलेवर नको, कपाशीत पाणी दिलेलं असतं.